तिबेटी बांधव आणि आपण

(धम्मचक्र अनुप्रवर्तन दिनानिमित्त संस्थेच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तिबेट हा विषय ठरला तेव्हा काही सभासदांनी विचारले, यवतमाळच्या माणसाला तिबेटशी काय घेणेदेणे? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधायला हिमालयात जाण्याची गरज नाही. आपल्याच विदर्भात, गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगाव-प्रतापगडच्या जंगलपट्ट्यात 'नोर्ग्येलिंग' नावाची तिबेटी वसाहत आहे. ती १९७२ साली वसली. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. बर्फाच्या मुलखातली ही माणसे विदर्भाच्या उन्हात आली, धानाची शेती शिकली आणि हिवाळ्यात गावोगावी स्वेटर विकून संसार चालवू लागली. त्यांच्याकडून आपण स्वेटर घेतो, भावात घासाघीस करतो. पण ती इथे का आली, हे विचारत नाही. आज तेवढेच विचारायचे आहे.

प्रथम इतिहास पाहू. सातव्या शतकात स्रोंगत्सेन गाम्पो या राजाच्या काळात तिबेटला लिपी मिळाली. भारतीय लिपीच्या आधारे ती थोन्मी संभोट याने तयार केली, असे तिबेटी परंपरा सांगते. आठव्या शतकात नालंदेचे आचार्य शांतरक्षित तिकडे गेले आणि सम्ये येथे पहिला विहार उभा राहिला. पुढे १०४२ साली विक्रमशिलेचे आचार्य अतिश तिबेटात पोहोचले. भारतीय पंडित आणि तिबेटी अनुवादक शेजारी बसून एकेक ग्रंथ तिबेटीत आणत. त्यातून बुद्धवचनांचा 'कंग्यूर' आणि आचार्यांच्या ग्रंथांचा 'तेंग्यूर' हे दोन प्रचंड संग्रह तयार झाले.

याचे मोल केव्हा कळले? भारतात नालंदा, विक्रमशिला उद्ध्वस्त झाल्यावर. आपल्याकडे ग्रंथ जळाले, विसरले गेले. तिकडे ते जपून राहिले. दिङ्नागाचा 'प्रमाणसमुच्चय' हा न्यायशास्त्रावरचा ग्रंथ मूळ संस्कृतात लोपला, तो अभ्यासकांना तिबेटी अनुवादातून मिळाला. राहुल सांकृत्यायन १९२९ ते १९३८ या काळात चार वेळा तिबेटला गेले. त्यांनी तिथल्या संस्कृत पोथ्यांची छायाचित्रे आणली. त्यांवरूनच पुण्याचे प्रा. वा. वि. गोखले यांनी वसुबंधूच्या 'अभिधर्मकोशा'च्या मूळ कारिका १९४६ साली प्रसिद्ध केल्या. म्हणजे आपला ठेवा आपल्याला तिबेटने परत केला. हे ऋण लहान नाही.

आता राजकीय बाजू. ८२१-२२ साली तिबेट आणि चीन यांच्यात बरोबरीच्या नात्याने तह झाला. त्याचा शिलास्तंभ ल्हासात आहे. पुढे मंगोल आणि मांचू सम्राटांचे वर्चस्व आले, त्याचा आधार घेऊन चीन तिबेटवर हक्क सांगतो. मांचू सत्ता कोसळल्यावर १९१३ साली तेराव्या दलाई लामांनी तिबेट स्वतंत्र असल्याचे जाहीर केले. त्यानंतर सुमारे चार दशके तिबेटचे स्वतःचे सरकार, सैन्य, चलन आणि टपाल होते. पण जगातल्या मोठ्या राष्ट्रांनी त्याला रीतसर मान्यता दिली नाही, आणि तिबेटनेही वेळेवर जगाशी संबंध जोडले नाहीत. ऑक्टोबर १९५० मध्ये चिनी सैन्य आत शिरले. २३ मे १९५१ रोजी सतरा कलमी करार झाला. १० मार्च १९५९ रोजी ल्हासाची जनता रस्त्यावर आली, तो उठाव चिरडला गेला आणि ३१ मार्चला चौदावे दलाई लामा भारताच्या हद्दीत आले. त्यांच्यामागून हजारो लोक आले.

यात बाबासाहेबांची भूमिका विद्यार्थ्यांनी मुद्दाम अभ्यासावी. एप्रिल १९५४ मध्ये भारत-चीन करार झाला, त्यात पंचशीलाचे नाव होते आणि तिबेटला चीनचा प्रदेश म्हटले होते. २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत बाबासाहेबांनी या धोरणावर कठोर टीका केली. पंचशील हा बौद्ध धर्माचा महत्त्वाचा भाग आहे. माओंचा त्यावर विश्वास असता तर त्यांनी स्वतःच्या देशातल्या बौद्धांना वेगळे वागवले असते, असा त्यांचा मुद्दा होता. ल्हासा चीनच्या ताब्यात जाऊ देऊन आपण चीनची सरहद्द आपल्या सरहद्दीला आणून भिडवली, असेही त्यांनी बजावले. पुढे १९६२ साली काय झाले, ते सर्वांना ठाऊक आहे.

काहीजण म्हणतात, त्यांचा लामा-संप्रदाय कर्मकांडाचा, पुनर्जन्म घेणाऱ्या गुरूंचा. आपला धम्म बुद्धिवादी, बावीस प्रतिज्ञांचा. हा फरक खरा आहे, तो लपवू नये. पण एखाद्या समाजाच्या सर्व समजुती पटल्या तरच त्याच्यावरील अन्याय अन्याय ठरतो काय? तसे असेल तर आपल्यावरील अन्यायाबद्दल बोलायला जगात कोणीच उरणार नाही. शिवाय त्या समाजातही बदल झाला आहे. २ सप्टेंबर १९६० रोजी निर्वासितांचे पहिले निवडलेले प्रतिनिधी काम करू लागले. १९६३ च्या घटनेच्या मसुद्यात दलाई लामांचे अधिकार काढून घेण्याची तरतूद स्वतः दलाई लामांच्या आग्रहाने ठेवली गेली. २०११ साली त्यांनी आपली राजकीय सत्ता निवडून आलेल्या नेत्याकडे सोपवली. सत्ता सोडणारे धर्मगुरू इतिहासात किती सापडतात?

आज ते पूर्ण स्वातंत्र्य मागत नाहीत. चीनच्या चौकटीत खरी स्वायत्तता द्या, असे त्यांच्या 'मध्यम मार्गा'चे म्हणणे आहे. काही तिबेटी तरुणांना ते पुरेसे वाटत नाही. दरम्यान तिबेटात भाषेवर घाला येतो आहे. सुमारे दहा लाख तिबेटी मुले निवासी शाळांमध्ये घरापासून आणि मातृभाषेपासून तोडली जात असल्याची चिंता संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये व्यक्त केली. चीन हे नाकारतो. पुढचा दलाई लामा कोण, हेही आपणच ठरवू, असे चीनचे म्हणणे. जुलै २०२५ मध्ये, नव्वदीच्या उंबरठ्यावर, दलाई लामांनी जाहीर केले की ही परंपरा चालू राहील आणि तो अधिकार केवळ त्यांच्या न्यासाचा राहील.

आम्ही बँकेच्या काउंटरवर रोज लोकांची ओळखपत्रे पाहतो. कागद दाखवला की माणूस सिद्ध होतो, एवढे सोपे ते आपल्याला वाटते. इथल्या बहुतेक तिबेटींकडे मात्र परकीय म्हणून दिलेले नोंदणी प्रमाणपत्र असते. मुदत संपली की ते नव्याने करून घ्यायचे. परदेशी जायचे तर पासपोर्ट नाही, ओळख प्रमाणपत्र. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेले तिबेटी कायद्याने भारतीय नागरिक ठरतात; दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० साली तसा निर्णय दिला. तरी अनेकजण नागरिकत्व घेत नाहीत. घेतले तर सोयी मिळतात, पण देशाचा दावा सैल पडेल अशी भीती वाटते. न घेतले तर इथे जन्मलेला नातूही परकाच राहतो. पोटापाण्याची सोय की ओळख, हा पेच ज्याच्यावर आला त्यालाच कळतो. त्यांना सल्ला देण्याचा अधिकार आपल्याला नाही. समजून घेण्याचे कर्तव्य मात्र आहे.

म्हणून दोन गोष्टी सुचवतो. संस्थेने विद्यार्थ्यांची एक सहल गोठणगावला न्यावी. पाहुणे म्हणून जावे, त्यांच्या विहारात बसावे, त्यांच्या म्हाताऱ्यांचे ऐकावे. आणि पालीबरोबर तिबेटी भाषा शिकणारा एक तरी विद्यार्थी या जिल्ह्यातून निघावा, त्याच्या पुस्तकांचा खर्च संस्थेने उचलावा. आपल्या पूर्वजांचे ग्रंथ त्यांनी हजार वर्षे सांभाळले. त्यांची भाषा संकटात असताना आपल्यातल्या एकाने ती शिकावी, ही मागणी फार मोठी नाही.

 नमो बुद्धाय. जयभीम.