सामायिक गुपित आणि संदेशाची किल्ली

सममित गूढलेखनात संदेश झाकण्याची आणि उघडण्याची किल्ली एकच असते. मग दूरच्या माणसाकडे ती सुखरूप पोहोचवावयाची कशी, हा प्रश्न गूढलेखनाच्या अभ्यासकांना दीर्घकाळ छळीत होता. १९७६ साली अमेरिकेत व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी एका निबंधाद्वारे त्याचे उत्तर जगापुढे ठेवले.

२३ ही मूळ संख्या आणि ५ हा पाया सर्वांस ठाऊक आहे, असे धरावे. एकाने मनात ६ धरले; ५ च्या सहाव्या घाताला २३ ने भागून उरलेली बाकी ८ त्याने उघडपणे कळविली. दुसऱ्याने १५ धरले आणि तसेच करून १९ कळविले. आता पहिला १९ चा सहावा घात घेतो, दुसरा ८ चा पंधरावा. २३ ने भागता दोघांच्याही हाती २ ही एकच बाकी येते. हे सामायिक गुपित वाटेवरून एकदाही गेलेले नसते. प्रत्यक्षात सहाशेहून अधिक आकडी मूळ संख्या योजतात. म्हणून चोरून ऐकणाऱ्यास मनातील घात शोधणे अशक्यप्राय होते.

येथे एक मोह उभा राहतो : हे गुपितच किल्ली म्हणून का वापरू नये? किल्लीचा प्रत्येक बिट, म्हणजे शून्य वा एक, नाणेफेकीसारखा निःपक्ष असावा लागतो. वरील उदाहरणात गुपित १ ते २२ यांपैकीच असणार. पाच बिटांच्या ३२ रचनांपैकी १० कधीच येणार नाहीत. पहिला बिट १ असलेली गुपिते २२ पैकी अवघी ७. मोठ्या संख्यांतही गणिताची अशी काही ठेवण मागे उरते.

म्हणून गुपितावर संस्कार करावा लागतो. ह्यूगो क्रावचिक यांनी २०१० मध्ये मांडलेल्या एचकेडीएफ या रीतीत प्रथम गुपिताचा अर्क काढतात, मग त्या अर्कातून हव्या तितक्या किल्ल्या घडवितात : जाणाऱ्या संदेशांची एक, येणाऱ्यांची दुसरी. दोन्ही दिशांना एकच किल्ली लावली आणि संदेशांचे क्रमांक जुळले, तर एक संदेश दुसऱ्याचे रहस्य फोडू शकतो. २०१८ च्या टीएलएस १.३ या संकेतात हीच रीत स्वीकारलेली आहे.

अर्थात, समोरचा माणूस तोच आहे याची खात्री या गणितातून मिळत नाही. ती स्वाक्षरीने वेगळी करावी लागते. सामायिक गुपित हे खनिज आहे. खनिजातून धातू काढावा, धातूतून किल्ली घडवावी, आणि मगच कुलपावर विश्वास ठेवावा.