मुक्काम पोस्ट मिडवेस्ट



आज आपल्या बऱ्याच घरांतली मुलं, पुतणे, भाचे अमेरिकेत आहेत. त्यांच्याकडे गेलेल्या आईवडिलांना आठ-पंधरा दिवसांत एक प्रश्न हमखास विचारला जातो, 'गाडीने कुठे जाऊन येऊ या का?' मुलगा शिकागो, डेट्रॉइट किंवा मिनियापोलिसकडे असला, की ही सहल मिडवेस्टची होते. ओहायोपासून कॅन्सास, नेब्रास्का आणि दोन्ही डकोटांपर्यंतची ही १२ राज्यं. मक्याची आणि सोयाबीनची संपता न संपणारी शेतं, समुद्रासारखी सरोवरं आणि पट्टी ठेवून आखल्यासारखे सरळ रस्ते. काय काय पाहायचं याची यादी सगळेच करतात. रात्री पाठ कुठे टेकायची, हा विचार मात्र अंधार पडल्यावर, गाडीतली पोरं रडू लागल्यावर सुरू होतो. आज त्याविषयीच बोलू या.

हमरस्त्यावरच्या मध्यम दराच्या हॉटेलांचा विस्तार एका वैतागलेल्या बापामुळे झाला. मेम्फिस शहरातले केमन्स विल्सन १९५१ साली बायको आणि पाच मुलांना घेऊन गाडीने वॉशिंग्टनला गेले. वाटेतले मोटेलवाले दर मुलामागे दोन डॉलर जादा मागत. खोली कुठे बरी मिळे, कुठे कळकट. विल्सन चिडले आणि १९५२ मध्ये त्यांनी मेम्फिसला पहिलं हॉलिडे इन उघडलं. मुलांचे वेगळे पैसे घ्यायचे नाहीत आणि खोली स्वच्छ ठेवायची, हा त्यांचा नेम. पुढे १९५६ साली अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या काळात इंटरस्टेट महामार्गांचा कायदा झाला आणि त्या रस्त्यांच्या कडेने अशा साखळ्या वाढत गेल्या. साऊथ डकोटातल्या ॲबरडीन गावी १९७४ साली पहिलं सुपर ८ सुरू झालं, ते रात्रीला ८ डॉलर ८८ सेंट या दराने. नावातला आठ तिथला.

आता आपल्या सहलीकडे येऊ. समजा, शिकागोहून माउंट रशमोरचे डोंगरात कोरलेले चेहरे पाहायचे आहेत. अंतर साधारण ९०० मैल, म्हणजे साडेचौदाशे किलोमीटर. तरुण मुलगा म्हणेल, 'एका दिवसात मारतो.' मारू देऊ नका. गाडीत म्हातारी माणसं आणि लहान मुलं असली, तर दिवसाला ३०० मैल पुष्कळ झाले. पहिला मुक्काम विस्कॉन्सिनमधल्या ला क्रॉसला, मिसिसिपी नदीच्या काठी. दुसरा साऊथ डकोटातल्या सू फॉल्सला. तिसऱ्या दिवशी रॅपिड सिटी. मुक्कामाचं गाव आधी ठरवावं आणि हॉटेल मागाहून. दिवस असतानाच पोहोचावं, कारण तिन्हीसांजेला या भागात हरणं रस्त्यावर येतात.

एक गंमत सांगतो, ती उपयोगाचीही आहे. तिकडच्या बहुतेक राज्यांत महामार्गाच्या एक्झिटचा क्रमांक हाच मैलाचा दगड असतो. साऊथ डकोटात मिचेल गावाची एक्झिट ३३२ आणि वॉल या गावाची ११०. वजाबाकी केली की २२२ मैल. 'अजून किती राहिलं?' असं मागच्या सीटवरून विचारणाऱ्या नातवाला हे गणित घालून द्यावं. वाट मजेत सरते. एक्झिटच्या आधी निळी पाटी दिसते. पुढे कोणती हॉटेलं आहेत, हे तिच्यावरून कळतं.

दराचं म्हणाल, तर मध्यम हॉटेल साधारण १०० ते १७५ डॉलरांत बसतं. हॅम्प्टन, फेअरफील्ड, कम्फर्ट इन, हॉलिडे इन एक्स्प्रेस ही या पंगतीतली नावं. मिझुरीतल्या ड्रूरी कुटुंबाची साखळीही त्यातलीच. पडद्यावर दिसणारा दर हा अखेरचा दर नव्हे. त्यावर राज्याचा आणि गावाचा कर चढतो, तो धरून बेरीज पाहावी. शहराच्या मध्यभागी गाडी लावायचेही पैसे पडतात. शहर ओलांडून एक-दोन एक्झिट पुढे गेलं, की खोली स्वस्त आणि पार्किंग बहुधा फुकट. खोलीत दोन मोठे पलंग असतात, चौघांचं कुटुंब त्यात मावतं. सकाळचा नाश्ता बहुतेक ठिकाणी भाड्यातच येतो. त्यातलं सॉसेज बहुधा डुकराच्या मांसाचं असतं, तेव्हा माझ्यासारख्याने आणि शाकाहारी मंडळींनीही विचारून घ्यावं. अंडी, दही, फळं आणि आपल्या हाताने यंत्रात भाजायचं वॉफल एवढ्यावर माणूस दुपारपर्यंत निभावतो.

महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. पाटी कंपनीची असते, घर मालकाचं असतं. या साखळ्यांची बहुतेक हॉटेलं स्थानिक मालक कंपनीचं नाव घेऊन चालवतात. त्यामुळे एकाच नावाचं हॉटेल एका गावात लखलखीत, तर ५० मैलांवर ओल धरलेलं असू शकतं. म्हणून नावावर भाळू नये. त्याच हॉटेलात गेल्या दोन-तीन महिन्यांत राहून गेलेल्यांनी काय लिहिलं आहे, ते वाचावं. 'वास', 'ढेकूण', 'आवाज' हे शब्द पुन्हा पुन्हा आले, तर पुढचं गाव बघावं. खोलीचं दार थेट पार्किंगमध्ये उघडतं की आतल्या व्हरांड्यात, हे फोटोंवरून कळतं. आतला व्हरांडा थंडी-पावसात बरा आणि सुरक्षितही वाटतो. नकाशावर जवळून रेल्वेचे रूळ गेलेत का, तेही पाहावं. तिकडची मालगाडी रस्त्यावरच्या फाटकाशी रात्री-अपरात्रीही भोंगा वाजवते. तसा नियमच आहे.

हे मालक असतात तरी कोण? पुष्कळदा आपल्याच शेजारचे. दक्षिण गुजरातेतून गेलेल्या पटेल मंडळींनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात पडीक मोटेलं विकत घेतली. घरातली माणसंच खोल्या झाडायची, चादरी धुवायची आणि रात्री काउंटरवर बसायची. तेव्हा काही शेजारी मोटेलवाले 'अमेरिकन मालकीचं' अशा पाट्या लावत, म्हणजे गिऱ्हाइकाने पटेलांकडे जाऊ नये. विमा आणि कर्ज मिळतानाही त्यांना त्रास झाला. त्यातून १९८९ साली आशियाई हॉटेलमालकांची संघटना उभी राहिली. आज देशातली निम्म्याहून अधिक हॉटेलं आपल्या सभासदांची आहेत, असं ती सांगते. आयोवातल्या एका छोट्या गावी काउंटरवरच्या बाईंनी माझं नाव वाचलं, गाव विचारलं आणि म्हणाल्या, 'मुंबईत भुलेश्वरला आमचे मामा आहेत.' मग वरच्या मजल्याची खोली बदलून त्यांनी तळमजल्याची दिली. माझ्या पत्नीचे गुडघे त्यांनी चालण्यावरूनच ओळखले होते.

नाव वाचून खोली मिळणं आणि नाव वाचून, रंग पाहून खोली नाकारली जाणं, या दोन्ही गोष्टी त्या रस्त्यांनी पाहिल्या आहेत. न्यूयॉर्कच्या हार्लेममधले पोस्टमन व्हिक्टर ग्रीन यांनी १९३६ साली एक छोटी पुस्तिका काढली. कृष्णवर्णीय प्रवाशाला कुठे जेवायला आणि कुठे झोपायला मिळेल, याची ती यादी होती. अनेक कुटुंबं ती गाडीत ठेवूनच निघत. यादीतलं ठिकाण वाटेत नसेल, तर रात्र गाडीत काढावी लागे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने हॉटेलांची अशी मनाई बेकायदा ठरली. आपण आज दर, नाश्ता आणि पोहण्याचा तलाव तोलत बसतो, त्याआधी कुणीतरी निव्वळ दार उघडं राहावं म्हणून झगडलं आहे. आपल्याकडेही नाव सांगितल्यावर 'खोली शिल्लक नाही' असं ऐकलेली माणसं आहेत. त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

शेवटी दोन-चार बारीक गोष्टी. खोली रद्द करायची मुदत वाचून ठेवावी. कुठे त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत चालतं, कुठे दोन दिवस आधी सांगावं लागतं. थोडं स्वस्त म्हणून परत न मिळणारे पैसे आगाऊ भरू नयेत, कारण वादळ, ताप आणि पंक्चर विचारून येत नाहीत. ऑगस्टमध्ये आयोवाची राज्यजत्रा आणि साऊथ डकोटातला स्टर्जिसचा मोटारसायकल मेळावा असतो. जुलैअखेर विस्कॉन्सिनच्या ऑशकॉशला विमानांचा मेळा भरतो. हिवाळ्याआधीच्या शनिवारी विद्यापीठांच्या गावांत फुटबॉल. त्या दिवसांत आसपासच्या खोल्या दुप्पट दरानेही मिळणं कठीण, म्हणून तारखा आधी पाहाव्यात. तळमजला किंवा लिफ्ट हवी असेल, तर त्याच हॉटेलच्या काउंटरला फोन करून सांगावं. लिफ्टला आणि बर्फाच्या यंत्राला लागून असलेली खोली टाळावी. आणि निघताना खोली साफ करणाऱ्या बाईसाठी उशाशी दोन-चार डॉलर ठेवावेत. आपल्या झोपेत तिचाही वाटा असतो.

प्रवास सुखाचा होवो. नमस्कार.