एका चिठ्ठीची साक्ष

पक्ष्याला शास्त्रीय नांव देणें ही वरवर पाहतां पंडितांची हौस वाटते. परंतु शास्त्राच्या दरबारांत नांव एकटें कधीं उभें राहत नाहीं. त्याच्या पाठीशीं पुरावा लागतो. कापूस भरून जतन केलेल्या ज्या पक्ष्यावरून नवी जात प्रथम वर्णिली जाते, तो तिचा मूळ नमुना. त्याच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर स्थळ, तारीख व मिळविणाऱ्याचें नांव असतें. पुढें जातीविषयीं किंवा उपजातीविषयीं वाद उपस्थित झाला, म्हणजे निवाड्यासाठीं अशा नमुन्यांकडेच यावें लागतें.

नागपूर ही मध्यप्रांताची राजधानी असतांना, १८७२ च्या डिसेंबरांत, एफ. आर. ब्लेविट यांना प्रांताच्या पूर्वेकडील फुलझरच्या रानांत एक लहानसें घुबड मिळालें. घरांभोंवतीं दिसणाऱ्या पिंगळ्याहून त्याचें डोकें अधिक एकरंगी व चोंच अधिक मजबूत होती. काँग्रेसच्या स्थापनेमुळें सर्वांच्या परिचयाचे झालेले अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनीं १८७३ सालीं ती नवी जात म्हणून प्रसिद्ध केली व तिला ब्लेविटांचें नांव दिलें. मराठींत हाच रानपिंगळा होय. १८८४ पर्यंत त्याचे अवघे सात नमुने जमले. त्यांपैकीं कांहीं जेम्स डेव्हिडसन यांनीं खानदेशांत मिळविले होते. त्यानंतर हा पक्षी जणूं लुप्त झाला.

मध्यंतरीं आणखी एक नमुना पुढें आला. १९१४ सालीं गुजरातेंत मांडवीजवळ तो आपण मिळविला, असें कर्नल माइनर्टझागेन यांची चिठ्ठी सांगत होती. तिच्यावर विश्वासून केलेला शोध व्यर्थ गेला. पुढें पामेला रासमुसेन व नायजेल कॉलर यांनीं तो नमुना बारकाईनें तपासला, तेव्हां निराळेंच सत्य बाहेर पडलें : तो डेव्हिडसनचाच जुना पक्षी होता! ब्रिटिश म्युझियममधून तो चोरून, पुन्हा भरून, त्याला खोटी चिठ्ठी बांधण्यांत आली होती.

खोटी साक्ष दूर होतांच खऱ्या चिठ्ठ्यांना मोल आलें. त्यांवरील ठिकाणें शोधीत रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट खानदेशांत शहाद्याजवळ आले. आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजीं, सकाळच्या उजेडांत, रानपिंगळा समोर जिवंत बसलेला दिसला. एकशें तेरा वर्षांचें मौन सुटलें! पुढें विदर्भांत मेळघाटच्या रानांतही तो आढळला.

नागपूरच्या अजबबंगल्याची स्थापना १८६३ ची. तेथें मुलांना घेऊन जाणारीं कुटुंबें प्राण्यांकडे कौतुकानें पाहतात. चिठ्ठीकडे मात्र क्वचितच कोणाची दृष्टि जाते. वस्तूला काळ आणि स्थळ देते ती चिठ्ठीच. ती खरी असेल, तर शंभर वर्षांनींही वाट दाखविते. खोटी असेल, तर जाणत्यांनाही रानोमाळ फिरविते. मात्र चिठ्ठीनें दाखविलेल्या वाटेच्या शेवटीं रान उरलें पाहिजे. सातपुड्यांतील झाडें तुटलीं, तर पेटींतील नमुना नांवापुरता राहील. त्या नांवाचा धनी कोठेंच सांपडणार नाहीं.