कडेची दीड मीटर जागा

मागच्या रविवारी भाऊच्या धक्क्यावरून सायकलसकट रो-रो पकडली आणि तासाभरात मांडव्याला उतरलो. पुढे अलिबाग, अक्षी, नागाव, चौल, रेवदंडा. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या. मजा! पण साळावचा पूल ओलांडून काशिदकडे निघालो, आणि एका वळणावर मागून गाडी इतकी खेटून गेली की मी थेट खडीत. गुडघा सोलवटला, बाकी वाचलो.

मी तर रविवारचा पाहुणा. याच रस्त्यावरून रोज शाळेत जाणाऱ्या पोरांचं काय?

आता रेवस ते रेडी सागरी महामार्गाचं काम निघालंय. रस्ता रुंद होणार, म्हणजे वेगही वाढणार. कडेला दीड मीटरची सायकलपट्टी हवी असेल, तर ती आराखड्यातच हवी, नव्या पुलांवरसुद्धा. एकदा डांबर पडलं की कोणी जागा देत नाही.

आणि तोवर? वाड्यांमधून, खारबांधांवरून जाणाऱ्या आतल्या वाटा आहेतच. त्या ओपनस्ट्रीटमॅपवर कोणीही टाकू शकतं. राइड रेकॉर्ड करा. आंधळं वळण, खड्डा, पिण्याचं पाणी, सगळं नोंदवा. वाट कोणाच्या वाडीतून जात असेल, तर आधी मालकाला विचारा. मग तोच नकाशा घेऊन ग्रामसभेत जा. ‘सायकलसाठी काहीतरी करा’ म्हटलं की लोक माना डोलवतात. ‘या वळणापासून त्या पुलापर्यंत पट्टी आखा’ म्हटलं, की उत्तर द्यावं लागतं.

भेटू पुढच्या भागात. मागचा लाल दिवा लावायला विसरू नका!