न दिसणारी जखम

(पालक व क्रीडाशिक्षकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा सारांश)



शालेय जीवनातील एका प्रसंगाने प्रारंभ करतो. कबड्डीचा सामना रंगात आला होता. पकडीतून सुटण्याच्या धडपडीत आमच्या एका गड्याचे डोके प्रतिस्पर्ध्याच्या गुडघ्यावर आदळले आणि तो निपचित पडला. आम्ही तोंडावर पाणी मारले, कांदा हुंगवला. तो उठला, पुन्हा चढाईला गेला. मैदानाने टाळ्यांचा कडकडाट केला. सायंकाळी घरी परतताना त्याने मला विचारले, "आपण जिंकलो का रे?" आम्ही सारे हसलो. त्या हसण्याची आज लाज वाटते.

इंग्लंडच्या रग्बी संघाने २००३ साली विश्वचषक जिंकला. त्या संघातील स्टीव्ह थॉम्पसन यांना चाळिशी ओलांडताच स्मृतिभ्रंशाने ग्रासले. तो अंतिम सामना आपल्याला आठवतच नाही, असे त्यांनी २०२० साली जाहीरपणे सांगितले. ज्या विजयासाठी देह झिजवला, त्या विजयाची स्मृतीच हरपावी, याहून मोठी शोकांतिका कोणती?

मेंदू कवटीच्या आत द्रवात तरंगत असतो. डोके एकाएकी थांबले वा गर्रकन फिरले की मेंदू आत हेलकावतो आणि त्याचे सूक्ष्म तंतू ताणले जातात. यालाच कन्कशन म्हणतात. रक्त नाही, सूज नाही. सीटी स्कॅनही बहुधा निर्दोष येतो. त्यामुळे ही जखम लपवणे सोपे असते आणि जिद्दी खेळाडू ती लपवतोच.

येथेच विज्ञान साहाय्याला येते. अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रथम शिरस्त्राणात संवेदक बसवण्यात आले; परंतु शिरस्त्राण डोक्यावर थोडे सरकते, त्यामुळे मोजमापात चूक होते. वरचे दात मात्र कवटीशी घट्ट जोडलेले असतात. म्हणून माऊथगार्डमध्येच संवेदक बसवण्याची कल्पना पुढे आली. त्यातील एक संवेदक धक्क्याचे त्वरण मोजतो, दुसरा डोक्याची फिरकी. ही नोंद बिनतारी मार्गाने तत्काळ मैदानाबाहेरील डॉक्टरांपर्यंत पोहोचते. वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेने २०२४ च्या आरंभापासून सर्वोच्च स्तरावरील सामन्यांत ही व्यवस्था अमलात आणली. पुरुषांसाठी गुरुत्वीय त्वरणाच्या ७५ पट आणि महिलांसाठी ६५ पट अशी मर्यादा ठरली. फिरकीचीही मर्यादा जोडली गेली. ती ओलांडली की खेळाडूला बाहेर बोलावून तपासायचे. काही नामवंत खेळाडूंनी कुरकुर केली : "मी ठणठणीत असताना मला का काढता?" प्रश्न स्वाभाविक आहे, परंतु जो अवयव दुखावल्याची शंका आहे, त्याचीच साक्ष अंतिम कशी मानावी?

तथापि यंत्राची मर्यादाही जाणून घ्या. संवेदक धक्का मोजतो, इजा नव्हे. मोठा धक्का पचवणारे असतात, तसेच त्याहून सौम्य धक्क्याने कोसळणारेही. ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर आदळला. तपासणीत तो उत्तीर्ण झाला, पुन्हा फलंदाजीस आला. लक्षणे दिसली ती दुसऱ्या दिवशी. त्याच्या जागी मार्नस लाबुशेन उतरला. कसोटी क्रिकेटमधील तो पहिला कन्कशन-बदली खेळाडू. सारांश, यंत्र घंटा वाजवते. निर्णय माणसाने घ्यायचा असतो आणि घंटा वाजली नाही तरी जागे राहायचे असते.

आपल्या गावोगावच्या मैदानांवर असे माऊथगार्ड नाहीत. म्हणून आपण हतबल आहोत काय? मुळीच नाही. तेथील संवेदक आपणच आहोत. डोक्याला मार लागलेला मुलगा गोंधळला, अडखळला, तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारू लागला, तर त्या दिवशी त्याचा खेळ संपला, हा नियम करा. त्याला एकटे सोडू नका. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, झटके वा गुंगी दिसताच विनाविलंब रुग्णालय गाठा. पहिला हादरा निवळण्यापूर्वी बसलेला दुसरा हादरा क्वचित प्राणघातकही ठरतो. म्हणून पुनरागमन डॉक्टरांच्या अनुमतीने आणि टप्प्याटप्प्यानेच व्हावे.

पराक्रमाचे कौतुक अवश्य करू या. पण बाहेर बसलेल्या मुलाला भित्रा म्हणू नका. त्या सायंकाळी आमच्यातल्या एकाने जरी न हसता त्या मित्राचा हात धरून त्याला डॉक्टरांकडे नेले असते, तर तोच आमचा खरा विजय ठरला असता.