पाठलाग करणाऱ्याला वाट कशी सापडते?



मोबाइलवर खेळत बसलेल्या मुलावर आपण रागावता. जरूर रागवा, पण एकदा त्याला विचारा, खेळातला शत्रू तुझ्यापर्यंतची वाट कशी शोधतो? उत्तर गणितात आहे.

समजा, शत्रू बोरिवलीला आणि खेळाडू मुलुंडला आहे. ‘प्रत्येक पाऊल मुलुंडच्या जवळ नेणारेच टाक’ एवढाच नियम शत्रूला दिला, तर तो नाकासमोर निघेल आणि नॅशनल पार्कच्या डोंगरापाशी अडकून पडेल. आपण मात्र जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड धरतो, नाहीतर घोडबंदरवरून ठाण्याला वळसा घालतो. मुलुंड गाठण्यासाठी काही वेळ मुलुंडपासून लांबही जावे लागते!

नेदरलँड्सचे डायक्स्ट्रा यांनी १९५९ साली एक रीत प्रसिद्ध केली. निघालेल्या जागेपासून आधी जवळचे, मग दूरचे, असे सर्व नाके तपासत जायचे. वाट हमखास सापडते; पण मुलुंडला जाताना विरारकडचे नाकेही उगीच पाहिले जातात. १९६८ साली अमेरिकेत हार्ट, निल्सन आणि राफेल यांनी ‘ए-स्टार’ ही रीत मांडली. प्रत्येक नाक्यावर दोन आकड्यांची बेरीज करायची : आतापर्यंत चाललेले अंतर आणि उरलेल्या अंतराचा अंदाज. ज्याची बेरीज कमी, तो नाका आधी पाहायचा. अंदाजासाठी नकाशावर फूटपट्टी ठेवली तरी पुरे, कारण सरळ रेषा खऱ्या रस्त्याहून कधीच लांब नसते. अंदाज खऱ्याहून जास्त धरला, तर सर्वांत जवळची वाट हातची निसटू शकते.

अशा पायरीपायरीच्या रीतीला अल्गोरिदम म्हणतात. हा शब्द नवव्या शतकात बगदादच्या बैतुल हिकमामध्ये काम करणाऱ्या अल-ख्वारिझ्मी यांच्या नावावरून आला. सभेत आपण हे नाव अभिमानाने घेतो, आणि त्यांच्याच विषयात मुलाला पस्तीस गुण मिळाले की समाधान मानतो!

शत्रू फार हुशार झाला तरी खेळ बिघडतो. १९८० च्या ‘पॅक-मॅन’ या जपानी खेळात लाल भूत थेट मागे लागते, गुलाबी भूत खेळाडूच्या चार घरे पुढची जागा गाठू पाहते आणि नारिंगी भूत जवळ आले की आपल्या कोपऱ्याकडे वळते. एवढ्या साध्या नियमांनी चौघांचे स्वभाव वेगळे वाटतात.

याला संगणकच हवा असे नाही. आज घरी चौकटीच्या वहीत दहा बाय दहा घरे आखा, काही घरे काळी करून भिंती उभारा. मुलीला खेळाडू करा, आपण शत्रू व्हा, आणि प्रत्येक घरात ती बेरीज तिलाच लिहू द्या. मग एक भिंत हलवा आणि पुन्हा मांडायला सांगा.