शेंड्यावरची उलटी अळी



हरभरा घाट्यात आला की मनात धाकधूक सुरू होते. घाटे अळी घाट्याला भोक पाडते, डोके आत खुपसते आणि निम्मे अंग बाहेर ठेवून दाणा फस्त करते. एकच अळी तीस-चाळीस घाट्यांची नासाडी करते. तूर, कपाशी, टोमॅटो, काही सोडत नाही.

पण त्याच शेतात कधी वेगळे दृश्य दिसते. शेंड्यावर एखादी अळी डोके खाली करून लोंबत असते. अंग काळपट, पिलपिलीत. बोट लावावे तर कातडी फुटून पाणी गळते. तिला घाण म्हणून चिरडू नका. ती विषाणूने मेली आहे, आणि तो विषाणू आपल्या कामाचा आहे.

त्याचे नाव एच.ए.एन.पी.व्ही. शास्त्रज्ञांनी त्याला अल्फाबॅक्युलोव्हायरस या प्रजातीत घातले आहे. या प्रजातीतले विषाणू पतंग-फुलपाखरांच्या अळ्यांनाच धरतात. माणूस, गुरेढोरे, मधमाश्या यांना त्यांचा उपद्रव नाही. याच प्रजातीतला एक भाऊबंद रेशमाच्या किड्यांना मारतो. त्या रोगाला रेशीमवाले ग्रासरी म्हणतात. म्हणजे रेशीमवाल्याचे दुःख, ते हरभरेवाल्याचे सुख!

आता हे घडते कसे? विषाणू प्रथिनाच्या दाण्यांत बंद असतो, जशी डबीत ठेवलेली वस्तू. अळी पान खाते, दाणे पोटात जातात. तिथल्या अल्कधर्मी रसात डबी विरघळते आणि विषाणू मोकळा होतो. मग तो अंगभर वाढतो. अळीची भूक मंदावते आणि मरणापूर्वी ती उंच चढते. २०११ साली जिप्सी पतंगाच्या अळीवरील संशोधनात असे दिसले, की विषाणूतले एक जनुकच तिला वर चढायला लावते. शेंड्यावरून फुटलेल्या अंगातले दाणे खालच्या पानांवर पडतात आणि दुसऱ्या अळ्या ते खातात.

फवारणीसाठी हे औषध तयार मिळते. हेक्टरी २५० ते ५०० रोगट अळ्यांचा अर्क पुरतो. तरी बाटलीवरचे प्रमाण वाचूनच घ्या. दोन गोष्टी मात्र पक्क्या ध्यानात ठेवा. अळी लहान असतानाच फवारा. मोठी झालेली अळी सहसा दाद देत नाही. आणि फवारा संध्याकाळी. उन्हातले अतिनील किरण विषाणूला मारतात, म्हणून पाण्यात थोडी कपड्याची नीळ घालण्याची पद्धत आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. फवारल्यावर दुसऱ्या दिवशी अळ्या जिवंतच दिसतील. शेजारी म्हणेल, "पैसे पाण्यात गेले." तेव्हा घाईने जहाल विष आणू नका. त्याने अळीचे शत्रूही मरतात, आणि पुष्कळ कीटकनाशके या अळीला आता पचू लागली आहेत. चार ते सात दिवस वाट पाहा. रोज सकाळी ओळीतून फिरा, शेंडे पाहा, लोंबणाऱ्या अळ्या मोजा.

गुरुजी, मुलांनाही तिथे घेऊन जा. जो रोग दिसला की आपण भितो, तोच योग्य जागी पिकाचा राखणदार होतो, हे त्यांना फळ्यापेक्षा शेतात लवकर कळेल.